जोडीच्या फोटोवरून खोडलेलं नाव

"तुमच्या घरी कोणी वारलं का?"

वर्षातून एकदा, अडीचशे घरांच्या दारात उभं राहून, हातात पॅड धरून हा प्रश्न विचारायचा, हे अकरा वर्षं माझं काम होतं. तशी माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवायची. निवृत्त झाल्यावर भेटणारे लोक विचारतात, पोरांची आठवण येते का. येते, का नाही येणार? पण बोरगाव मेघेच्या घरी दुपारची पडलेली असले की मला पोरांच्या आधी शाळेच्या गावातले दरवाजे आठवतात. कोणाचा कडीचा, कोणाचा नुसता टिनाचा, कोणाचा अर्धा सडलेला, आणि एक कुलपाचा. त्या कुलपाच्या दारावर मी तीन वर्षं गेले नाही. ही हकिगत त्या दाराची आहे.

आधी काम काय ते सांगते. प्रत्येक मतदान केंद्राला एक माणूस नेमलेला असतो, त्याला बीएलओ म्हणतात. कुठे शिक्षक, कुठे अंगणवाडीची ताई, कुठे आणखी कोणी. त्यानं त्या केंद्राची मतदार यादी खरी ठेवायची. खरी म्हणजे अठरा पूर्ण झालेलं पोरगं तिच्यात असावं, लग्न होऊन आलेली सून असावी, लग्न होऊन गेलेली पोरगी नसावी आणि वारलेलं माणूस नसावं. नाव घालायला सहा नंबरचा फॉर्म, काढायला सात नंबरचा, आणि नावात, पत्त्यात दुरुस्ती करायला आठ नंबरचा. बाकीच्या जगाला हे पाढ्यातले आकडे वाटत असतील. आमच्यासाठी ते जन्म, मरण आणि मधला संसार होते.

माझ्या शाळेचं गाव लहान. शाळेच्या ओट्यावरून गिरडच्या टेकडीवरचा दर्गा दिसतो, एवढी त्याची खूण पुरे. मी तालुक्याच्या ठिकाणी भाड्यानं राहायची आणि स्कुटीनं रोज जायची. मतदानाच्या दिवशी माझ्याच वर्गात मशीन लागायचं. भिंतीवरच्या बाराखडीखाली केंद्राध्यक्ष बसलेले बघून मला हसू यायचं.

लोकांना वाटतं हे काम कागदाचं आहे. पण एकदा एक गृहस्थ शाळा सुटायच्या वेळेला आले आणि म्हणाले, "मॅडम, सात नंबर द्या. भावाचं नाव काटून टाकाचं हाय."

मी म्हटलं, "अहो, कधी वारले? मला कळलंही नाही."

"वारला नाई. धुरा कोरला त्यानं माहा."

"शेताचा बांध कोरला म्हणून कोणाचं मत जात नसतं."

"मंग कायनं जाते?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी सात नंबर दिला नाही. दोघं भाऊ पुढच्या मतदानाला एकाच रांगेत एकमेकांकडे पाठ करून उभे होते. यादीत मात्र लागोपाठच्या चौकटीत, शेजारी शेजारी.

दुसरे एक म्हातारेबुवा. बायको जाऊन सहा महिने झालेले. सगळी माहिती दिली, पण सही करेनात. म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. तिचं नाव तिथं असलं तं तुमाले काय जड होऊन राह्यलं?"

मी म्हटलं, "बाबा, कोणी त्यांच्या नावानं खोटं मत टाकेल."

"कोन टाकते? सारं गाव तिले वळखते."

माझ्याजवळ मागच्या वर्षीची जुनी यादी होती. तिचं आता काही काम नव्हतं. त्यातलं ते पान मी काढून त्यांना दिलं. बायकोचा डाकतिकिटाएवढा फोटो त्यांनी चष्म्याशी नेऊन बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि सही केली. असं नियमात बसतं की नाही ते मी कोणाला विचारलं नाही.

ही दोन्ही माणसं मी अभिमानानं सांगते. मला दार वाजवता यायचं, मला बसून ऐकता यायचं, आणि माझी यादी स्वच्छ आहे असं तालुक्याच्या बैठकीत माझं नाव घेऊन सांगितलं जायचं. मग कोरोनाची दुसरी लाट आली.

पहिल्या लाटेत गावाला काही झालं नव्हतं. शहरातला रोग आहे, उन्हातान्हातल्या माणसाला होत नाही, असं लोक म्हणायचे. आम्हा शिक्षकांना घरोघरी तपासणीचं काम दिलेलं होतं. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र आणि कपाळासमोर धरायची तापाची बंदूक घेऊन मी त्याच अडीचशे घरांत फिरायची. लोक थट्टा करायचे, "मॅडम, यंदा यादीत बोट बी चढवता का?" दुसऱ्या लाटेत थट्टा बंद झाली. पंधरा-वीस दिवसांत गावातली नऊ माणसं गेली. त्यातल्या सात जणांच्या बोटाला मी माझ्या हातानं ते यंत्र लावलं होतं. आकडा बघून मी म्हटलं होतं, दवाखान्यात न्या. नेलं. कोणाला गाडी मिळाली नाही, कोणाला खाट मिळाली नाही. जे गेले त्यांची मातीही गावात झाली नाही. तिकडच्या तिकडे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

साथ ओसरल्यावर गावच्या पोरांनी चौकात श्रद्धांजलीचा एक मोठा फलक लावला. नऊ जणांचे फोटो, वर दिवा, खाली बारीक अक्षरात नावं. आणि त्याच सुमाराला मला यादीचं काम आलं. घरोघरी जा, मृत मतदार शोधा, सात नंबर भरा.

मी गेले नाही.

हे असं उघड लिहायला मला साडेतीन वर्षं लागली. पहिल्या घराच्या फाटकापर्यंत गेले होते. आत एक तरणी सून भांडी घासत होती, तिचा नवरा त्या नऊ जणांत होता. पॅड उघडून "तुमच्या घरी कोणी वारलं का" म्हणायचं होतं. मी तशीच परत फिरले. चौकात येऊन स्कुटीवर बसल्या बसल्या मोबाइलनं फलकाचा फोटो काढला आणि शाळेत जाऊन, दार लावून, त्या फोटोवरून फॉर्म भरत बसले. आमच्या यादीत प्रत्येकाचा फोटो असतो. फलकावरचा चेहरा बघायचा, यादीतला चेहरा शोधायचा, अनुक्रमांक टाकायचा. चेहरे सगळे ओळखीचे होते. वाचायची गरजच नव्हती, आणि वाचायची इच्छाही नव्हती. फॉर्मवर एक रकाना असतो, खात्री कशी केली. त्यात मी लिहिलं, शेजाऱ्यांकडे चौकशी केली. चौकशी कोणाकडेच केलेली नव्हती.

फलकावर फोटो नऊ होते आणि मी फॉर्म भरले दहा. पोरांच्या वहीतली एक मात्रा चुकलेली मला लांबून दिसायची, पण ते मला खटकलं नाही.

एका चौकटीत जोडीचा फोटो होता. देवराव शेंडे आणि त्यांची बायको सुलोचनाबाई. भाजीवाली माणसं. विहिरीच्या मळ्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायची आणि आठवडी बाजारात नेऊन विकायची. मुलगी एकच, वरोऱ्याकडे दिलेली. मूल शाळेत नसल्यामुळे माझं त्यांच्याकडे जाणं वर्षातून एकदाच, यादीपुरतं. दोघांनाही एकाच दिवशी दवाखान्यात नेलं हे मला माहीत होतं, कारण यंत्र मीच लावलं होतं. फलकावर दोघांचा फोटो. घराला कुलूप. मी दोघांची नावं काढली.

पुढची तीन वर्षं मी पुन्हा दारोदार जायला लागले, प्रश्नही विचारायला लागले. पण त्या नऊ घरांत गेले की नजर खाली करून, "काही बदल नाही ना?" एवढंच विचारून निघायची. शेंड्यांच्या घरावरून तर सरळ पुढे. तिथे विचारायला यादीत कोणी उरलंच नव्हतं. गावातही त्या दिवसांचा विषय कोणी काढत नसे, आणि निघालाच तर मी काहीतरी काम काढून उठायची.

लोकसभेचं मतदान आलं. बीएलओला त्या दिवशी केंद्राच्या बाहेर टेबल टाकून बसायचं असतं. लोक येतात, आम्ही यादीतला अनुक्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहून देतो, ते आत जातात. सकाळी नऊच्या सुमाराला गर्दी चांगली होती. माझं डोकं खाली. एक पिशवी टेबलावर आली, तिच्यातून ओळखपत्र निघालं आणि बाई म्हणाली, "शेंडे सुलोचना. पाहा बरं, कितवा नंबर हाय माहा."

मी वर बघितलं. बाई वाळली होती, केस पांढरे झाले होते, कपाळ मोकळं होतं. पण ती होती.

मी यादी चाळायचं नाटक केलं. मग मोबाइलवर शोधायचं नाटक केलं. मागे रांग वाढत होती. शेवटी म्हटलं, "सुलोचनाबाई, तुमचं नाव दिसत नाही."

"असं कसं? माह्यापाशी कार्ड हाय ना."

हे मी आयुष्यात शेकडो लोकांना समजावलंय. कार्ड म्हणजे फक्त ओळख. मत यादीतल्या नावाला असतं. नाव नसेल तर कार्डाला मढवून ठेवलं तरी उपयोग नाही, आणि मतदानाच्या दिवशी नाव घालता येत नाही. त्या दिवशी मी यादीची पानं पुन्हा उलटत राहिले.

"पाहा बरं अजून एकडाव," ती म्हणाली. "म्या सारी जिनगी याच शाळेत मत देल्लं. काल वरोऱ्याहून आली मी, फक्त याच्यासाठी. पोरगी येऊ देत नोहोती, ऊन लागन म्हणे. म्हटलं, मतदान हाय, जाऊ दे. तीन वर्सानं घराचं कुलूप खोललं काल."

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घोळ झाला असेल."

"कंप्युटरचं म्या काय बिघडवलतं?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारलं.

आत जाऊन तिनं केंद्राध्यक्षांना विचारलं. त्यांनी आदरानं बसवून सांगितलं, आजी, नाव नाही, मी काही करू शकत नाही. ते त्यांच्या जागी बरोबर होते. ती बाहेर आली. घरी जाईल असं मला वाटलं. पण ती ओट्याच्या टोकाला कडुनिंबाच्या सावलीत बसली. ओळखीचे लोक मत देऊन येत, तिच्याशी बोलत. मी ज्यांना चिठ्ठी देत होते ते तिच्याजवळ जाऊन, "काऊन व सुलोचनाबाई, देल्लं का मत?" विचारत, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "नाव नाई म्हणतात."

दुपारी जरा सामसूम झाली. मी पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, "ऊन फार आहे. घरी जाऊन पडा. मत काय, पुढच्या वेळी देता येईल."

तिनं पाणी घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमाले मालूम हाय का आमी त्याले कसं नेलं? गाडी भेटली नाई. भाजीच्या पिकअपात नेलं. वांग्याच्या पोत्याले टेकून बसला होता. तीन दवाखाने फिरलो, चौथ्यानं आत घेतलं. मले बी भरती केलं, बाजूच्या खोलीत. भिंतीच्या पल्याड होता तो. दोन दिसानं मले सांगतलं का परवाच गेला म्हून. जवायानं राख आनली डब्यात."

मी बाटलीचं झाकण लावत बसले.

"राग हाय मले. नाई कसा? पन सांगू कोनापाशी? माह्या दारात कोनी येत नाई. पाच वर्सात एक दिस असा येते का मले एकटीले आत घेतात, आडोसा करतात अन् म्हणतात, सांग बाई, तुह्यं काय म्हणनं हाय. तेवढाच एक दिस. तीन वर्सं मी त्याची वाट पाह्यली."

सहाला मशीन बंद केल्याचं आतून ओरडून सांगितलं, तोवर ती तिथेच बसून होती. मग पिशवी उचलून घराकडे गेली. त्या दिवशी आमच्या केंद्रावर मतदान चांगलं झालं म्हणून मला सगळ्यांनी शाबासकी दिली.

घरी आल्यावर मोबाइलमध्ये तो जुना फोटो शोधला. बोटांनी मोठा केला. जोडीच्या फोटोखाली एकच नाव होतं, कै. देवराव शेंडे. नंतर कळलं, पोरांनी मुलीकडे फोटो मागितला होता आणि तिच्याकडे बापाचा एकच फोटो होता, तिच्याच लग्नातला, आईसोबतचा. पोरांनी आहे तसा लावला. गावातल्या कोणाचाही त्यावरून घोटाळा झाला नाही. सगळ्यांना माहीत होतं की बाई मुलीकडे आहे. माहीत नव्हतं ते फक्त मला, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. सात नंबरच्या त्या फॉर्मवर माझी सही आणि माझं खोटं वाक्य होतं. खरं सांगितलं तर काय होईल याचा मी बराच विचार केला. सहा नंबरचा फॉर्म गुपचूप भरून टाकावा, कोणाला कळणार, असंही मनात आलं. मी फार थोर नाही. आठ-दहा दिवस मी हाच विचार करत काढले. पण दर वेळी ओट्यावर बसलेली बाई डोळ्यांसमोर यायची, आणि तिचं ते "कंप्युटरचं म्या काय बिघडवलतं" ऐकू यायचं.

शेवटी एका सकाळी गेले. ती वरोऱ्याला परत गेली नव्हती. मळा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेला होता, त्यातला एक तुकडा मागून घेऊन तिनं मेथी लावली होती. अंगणात बसून जुड्या बांधत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. फाटकावरून परत फिरले ते, फलकाचा फोटो, दहा फॉर्म, खोटं वाक्य, आणि कॉम्प्युटरवर ढकललेलं पाप.

ती बांधत राहिली. तीन-चार जुड्या झाल्यावर म्हणाली, "मंजे तुमी मले फोटोवरून मारलं."

"हो."

"दारावर काऊन नाई आल्या?"

"हिंमत झाली नाही."

"कायची हिंमत? आमी काय खाल्लं असतं तुमाले?"

मी म्हटलं, "ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांना पॅड घेऊन कसं विचारायचं, असं वाटलं."

आता मात्र तिनं जुडी खाली ठेवली. "बाई, नऊ घरं होते. भेव होतं म्हून कोनी कोनाच्या घरी जाये ना. सोयरे फोनवर रडले. भजन नाई, पंगत नाई, बसाले कोनी नाई. माहं तं कुलूप होतं, पन बाकीच्यायचं काय? एकबी जन इचाराले नाई आला का तुमचं कोन गेलं, कसं गेलं. तुमी येनार होत्या. कागदासाठी का होईना, तुमी तं इचारलं असतं."

मला रडू आलं. तिनं ते बघितलं, पण समजूत काढली नाही. ते बरंच झालं.

मग ती म्हणाली, "आता इचारा."

"काय?"

"जे इचाराचं राह्यलं ते. तसंच इचारा, दारातून."

मी उठले. अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेले. पॅड नव्हतं, पर्स छातीशी धरली. दोनदा खाकरले आणि विचारलं, "तुमच्या घरी कोणी वारलं का?"

"हाव," ती म्हणाली. "देवराव वारला. या बाई, बसा."

आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. त्याला ताप कधी आला, तो काय खायला मागत होता, पिकअपमध्ये बसताना कोणती टोपी घातली होती, भिंतीच्या पलीकडून त्याचा खोकला ओळखू यायचा तो कधी बंद झाला. मी ऐकत होते. मध्ये एकदा तिनं बिनदुधाचा चहा केला. उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. निघताना ती म्हणाली, "माह्यावरच थांबू नका. बाकीच्यायकडे बी जाजो."

गेले. उरलेल्या आठही घरी गेले, शाळेच्या सुट्टीत, एकेक दिवस करून. भांडी घासणाऱ्या त्या सुनेकडे सगळ्यात शेवटी, कारण तिचीच भीती जास्त होती. तिनं मला बघून आधी चटई टाकली. आता कोणत्याही फॉर्मचं काम नव्हतं. तरी एकानंही विचारलं नाही की आता कशाला आल्या.

सुलोचनाबाईचा सहा नंबर भरायला घेतला तर तिचा एकटीचा फोटोच नाही. तिला तिच्याच घराच्या चुन्याच्या भिंतीसमोर उभं केलं. तिनं पदर नीट केला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाली, "फोटोत मी जित्ती दिसली पाह्यजे, बाई. नाई तं पुन्हा काटाल." मी हसले, आणि मग दोघीही हसलो. तालुक्याला कारकुनानं फॉर्म हातात घेऊन विचारलं, "मॅडम, पासष्ट वर्षांची नवीन मतदार?" मी फॉर्मसोबत माझा लेखी जबाब जोडला होता. त्यानं तो वाचला आणि माझ्याकडे बघून परत वाचला. पुढे मला कारणे दाखवा नोटीस आली, एकदा साहेबांसमोर उभं राहावं लागलं, सेवापुस्तकात ठपका बसला. बसायलाच हवा होता. ज्या बैठकीत माझ्या यादीचं कौतुक व्हायचं तिथे नंतर माझी चूक, नाव न घेता, शिकवण म्हणून सांगितली गेली. सगळ्यांना नाव माहीत होतं.

विधानसभेच्या मतदानाला थंडी पडायला लागली होती. यादी छापून आली तेव्हा मी पहिलं तिचं नाव शोधलं. नवीन नावं यादीच्या शेवटी जातात, तशी ती अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींच्या ओळीत बसली होती. चिठ्ठी द्यायला घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, "टेबलावर घेतो मी. रांगेत उभी राहून."

सातच्या आधीच ती आली. पुढे चार-पाच माणसं होती. टेबलाशी आली, चिठ्ठी घेतली आणि आत गेली. माझं टेबल वर्गाच्या खिडकीला लागून होतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. आत पहिला अधिकारी बसतो, तो मतदाराचं नाव यादीत बघतो आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या माणसांना हरकत असेल तर घेता यावी. कोणी हरकत घेत नाही, सगळे पेंगत असतात. ते वाचणं मी अकरा वर्षं ऐकत आले होते आणि कधी कान दिला नव्हता. तो कोणी परगावचा तरुण शिक्षक होता, आवाज खणखणीत. त्यानं अनुक्रमांक वाचला आणि मग नाव वाचलं.

"शेंडे सुलोचना देवराव."

मग त्याचा आवाज, "आजी, तुम्हीच ना?"

"हाव," ती म्हणाली. "मीच."

मशीनचा लांब आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई वाळावी म्हणून हात जरा लांब धरलेला होता. लोकसभेचं तिचं मत मी घेतलं होतं, ते काही मला कधी परत देता येणार नाही. हे तिला म्हणावं म्हणून मी उठले, पण रांग वाढली होती आणि एक पोरगा चिठ्ठी मागत होता. त्याला चिठ्ठी दिली. वर बघितलं तर ती माझ्या खुर्चीशेजारी उभी होती. डोळे भरलेले, पण चेहरा शांत.

"बाई, आयकलं का तुमी?" ती म्हणाली. "साऱ्याईच्या समोर त्याचंबी नाव घेतलं त्यायनं."

मी म्हटलं, "हो, सुलोचनाबाई. ऐकलं."